करौंदेवाल्या काकू

काकूंची चटणी मला पहिल्यांदा मिळाली ती भोपाळला आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. दुसऱ्यांदा मिळायला वर्ष गेलं. चूक माझी होती. मी बरणी धुऊन परत केली होती.

लग्न होऊन मी पुण्याहून थेट कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये आले होते. नवरा डिझाइन विभागात इंजिनियर. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये आणि घासल्याशिवाय तर मुळीच करू नये, एवढी शिदोरी आईने बरोबर दिली होती. त्याप्रमाणे मी ती काचेची बरणी साबणाने घासली, उन्हात वाळवली, तिच्यात चार बेसनाचे लाडू भरले आणि मागच्या लेनमधल्या काकूंच्या क्वार्टरवर नेऊन दिली. काकूंनी लाडू ताटलीत काढले, बरणी खिडकीच्या उजेडात धरली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या,

"धुतली तू?"

"हो."

"मग मला कसं कळणार?"

"काय?"

"खाल्ली का फेकली ते."

मला वाटलं गंमत करताहेत. पण शेजारच्या वहिनींनी मला नंतर सगळा नियम समजावला. बरणी तशीच न्यायची, खरकटी. काकू आत बघतात. तळाला बोटांच्या रेघा दिसल्या, म्हणजे कुणीतरी शेवटचा कणसुद्धा निपटून खाल्लाय, तर त्या घराला पुढची बरणी. चमच्याने खरवडलेली असेल तर विचार करतात. आणि बुरशी दिसली तर त्या घराचं नाव कायमचं कटलं. "धुतलेली बरणी आजवर कुणी नेली नव्हती," वहिनी म्हणाल्या. "तुमचं काय करायचं ते त्यांना पण समजलं नसेल."

मला मात्र त्यांच्या बरणीपेक्षा 'तू' जास्त लागलं होतं. पहिल्या भेटीत, ओळख ना देख, "धुतली तू?" टाऊनशिपमध्ये माणूस कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहतो त्यावरून त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरायचं. आमचं क्वार्टर त्यांच्यापेक्षा मोठं होतं, पुढे बागेचा तुकडा होता. त्यांचे यजमान कारखान्यात क्रेन चालवायचे. पण काकूंच्या लेखी क्वार्टरचे टाइप नव्हतेच. यजमान सोडले तर त्या सगळ्यांना 'तू' म्हणायच्या. दूधवाल्याला, हेडमास्तरणीला, माझ्या नवऱ्याला, आणि एकदा तर पाहुण्या आलेल्या जनरल मॅनेजरच्या आईलासुद्धा. हिंदीत बोलायची वेळ आली तर 'तुम'वर यायच्या, 'आप'पर्यंत कधी चढल्या नाहीत.

काकूंचे वडील बैतुलकडच्या जंगलात नाकेदार होते, म्हणजे जंगल खात्याचे राखणदार. काकूंचं लहानपण नाक्यावरच्या चौकीत गेलं. शाळा चौथीपर्यंत. "पाचवीची शाळा सोळा किलोमीटर होती आणि अस्वल चार," असं त्या कारण सांगायच्या. लग्नानंतर उज्जैन, आणि तिथून नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे. त्यांची मराठी या सगळ्या मुक्कामांची होती. "मी जाऊन आली", "तू बसून जा", "बिलकुल टेन्शन नको घेऊ". पहिले काही महिने मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करायची. पुढे कधीतरी माहेरी गेल्यावर आईलाच म्हणाले, "तू बसून जा, मी करून टाकते." आई माझ्याकडे बघतच राहिली.

आता जिथे अवधपुरीच्या कॉलन्या उभ्या आहेत, तिथे तेव्हा मोकळं माळरान होतं. टाऊनशिपच्या मागचा नाला ओलांडला की दगड, खुरटा पळस आणि करवंदीच्या जाळ्या. आमच्याकडे करवंदं मे महिन्यात येतात. इथे ती श्रावणात धरतात हे पाहून मला त्या झुडपांचं काहीतरी चुकतंय असंच वाटायचं. इथले लोक त्यांना करौंदे म्हणायचे, आणि काकूंना करौंदेवाली भाभी. मराठी घरांत त्याच झाल्या करौंदेवाल्या काकू.

सकाळचा पहिला भोंगा झाला, यजमान सायकलवर टांग मारून गेले, की काकू निघायच्या. नऊवारी नव्हे, साधी पाचवारीच, पण ओचा वर खोचलेला. पायात यजमानांचे कारखान्यातले जुने बूट, पुढे लोखंडी टोप असलेले, आत चिंध्या कोंबून मापाचे केलेले. डाव्या हातात वेल्डरचा चामडी हातमोजा. उजवा हात उघडा. डाव्या हाताने काटेरी फांदी धरायची, उजव्याने फळ तोडायचं. कोपराला दुधाची ॲल्युमिनियमची किटली लटकवलेली. या थाटात त्या मुख्य रस्त्यावरून, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आणि ऑफिसला जाणाऱ्या साहेबांच्या मधून चालायच्या, आणि बघणाऱ्याला काय वाटेल हा प्रश्न त्यांना कधी पडला असेल असं वाटत नाही.

प्रत्येक जाळीला त्यांनी नावं ठेवली होती. टाऊनशिपमधल्याच माणसांची. एक जाळी 'फोरमन' होती, काटेच काटे, फळ नावाला. एक 'मॅनेजरीण', फळ दिसायला टपोरं गुलाबी आणि चवीला पाणी. 'डाकिया' नावाची जाळी दरवर्षी उशीर करायची. चटणीत कुठल्या जाळीची किती फळं घालायची हे त्या ठरवत, आणि ते प्रमाण कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतंच. विचारलं तर म्हणायच्या, "फोरमन मूठभर घालावाच लागतो, त्याच्याशिवाय चटणी ताठ उभी नाही राहत."

एका वर्षी लेडीज क्लबने त्यांना चटणी शिकवायला बोलावलं. क्लबमध्ये टेबलावर पांढरा कपडा, मांडणी, वही-पेन घेतलेल्या वीस बायका. काकू आल्या त्या एक बारदान करवंदं घेऊन, आणि म्हणाल्या, "पहले साफ करो." करवंदाला पांढरा चीक असतो. तो बोटांना चिकटतो, नेलपॉलिशवर बसतो, साडीवर पडला तर काळा डाग होतो आणि मग निघत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून, एकेक फळ चिरून, बिया काढून, परत कोमट पाण्यातून काढायचं. तासाभराने वीसातल्या सात उरल्या. अध्यक्षीणबाईंनी दारातूनच विचारलं, "मगर नमक कितना, ये तो बता दीजिए."

"जितना करौंदा माँगे," काकू म्हणाल्या. "तुम रुको तो सुनाई देगा."

मिक्सर त्यांना अजिबात चालायचा नाही. "मिक्सरात चटणी पळते. पाट्यावर चालते." लसूण, हिरवी मिरची, जिरं, गूळ, आणि माझ्या पुणेरी जिभेला आधी न पटलेली बडीशेप. ही ताजी चटणी. दुसरी शिजवलेली, लाल मिरचीची, मेथीदाण्याच्या फोडणीची. ती बरणीत भरून ठेवायची, आणि टिकायची थेट दिवाळीपर्यंत.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आंबट खावंसं वाटत होतं, पण धुतलेल्या बरणीनंतर मागायला तोंड नव्हतं. एक दिवस काकूच दारात उभ्या. बरणी माझ्या हातात दिली आणि माझ्या पोटाकडे बोट करून म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही आणली. आतल्यासाठी आणली. बरणी पण त्यानेच परत करायची."

ते 'आतलं' म्हणजे माझी मिनू. ती अडीच वर्षांची असताना खरोखरच एक बरणी दोन्ही हातांत धरून, चटणीने माखलेलं तोंड घेऊन, मागच्या लेनमध्ये गेली आणि परत करून आली. काकूंनी ती बरणी बरेच दिवस घासली नाही. खिडकीत ठेवली होती. आतून सगळीकडे इवल्या बोटांच्या रेघा.

म्हणून पुढे जे झालं ते लिहिताना मला अजून अवघड जातं.

मिनू पहिलीत होती. दसरा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी साडेबाराच्या सुमाराला शाळेची आया धावत आली, मिनूला उलट्या होताहेत म्हणाली. मी पोचले तेव्हा ती बाकावर आडवी होती. चेहरा पांढराफटक, पोट धरून कण्हत होती. टाऊनशिपच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत जुलाबही सुरू झाले. डॉक्टर तरुण होते, नुकतेच आलेले. सलाइन लावता लावता त्यांनी विचारलं, "क्या खाया था बच्ची ने?"

डब्यात पोळीची गुंडाळी होती. गुंडाळीत काकूंची चटणी.

"चटनी," मी म्हटलं. "जंगल के फलों की. एक औरत बनाती है."

एक औरत. सहा वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून हे शब्द निघाले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि नर्सला म्हणाले, बाकीच्या घरांना सांगा, ती चटणी खाऊ नका. टाऊनशिपमध्ये बातमीला चालत जावं लागत नसे. अर्ध्या तासात काकू हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हजर. हातात बरणी.

"काय झालं पोरीला?"

मी उठले. व्हरांड्यात दहाबारा माणसं होती, त्यांतली निम्मी ओळखीची. मी ओरडले. "काय झालं ते मला विचारता? कुठल्या कुठल्या झुडपांतलं तोडून आणता, लोकांच्या मुलांना खायला घालता! तुमचं वेड तुमच्याजवळ ठेवा ना!" आणखीही बरंच बोलले. सगळं आठवतंय, पण सगळं लिहीत नाही.

काकू मला ओलांडून आत गेल्या. त्यांनी ती बरणी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "इसकी जाँच करवा लो," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

दुपारभर मी त्या बाकावर बसून होते. नवरा आला. मिनूला ग्लानी आली होती. डॉक्टर दर थोड्या वेळाने येऊन नाडी बघत होते आणि काय झालंय ते नक्की कळत नसल्याचं लपवायचा प्रयत्न करत होते. पाच वाजायच्या सुमाराला काकू परत आल्या. सोबत मिनूची मैत्रीण डॉली आणि तिची आई. डॉली रडून रडून लाल झाली होती. काकू माझ्याकडे न बघता सरळ डॉक्टरांकडे गेल्या आणि पदराची गाठ सोडून टेबलावर मूठभर काळ्या बिया ओतल्या. सोबत फोडलेली टरफलं आणि पानांसकट एक फांदी.

"रतनजोत," त्या म्हणाल्या. आमच्याकडे तिला मोगली एरंड म्हणतात. "स्कूल के पीछे की बाड़ में लगी है. मूँगफली जैसी लगती है, बच्चों ने फोड़ के खाई. इसने दो खाई, उसने सात-आठ. दस्त की चीज़ है ये, जंगल में ढोर भी नहीं खाता."

डॉलीने मान हलवली. मधल्या सुट्टीत त्या दोघी शाळेमागे गेल्या होत्या. तिथे जायला बंदी होती, म्हणून घाबरून दोघींनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉलीचंही पोट दुखत होतं, पण ती गप्प बसली होती. काकूंनी तिला न रागावता, नुसतं "कुठे खेळलात गं आज?" विचारून तिच्याकडून ते काढलं, तिच्याबरोबर कुंपणापाशी गेल्या आणि जमिनीवरची टरफलं वेचून आणली.

डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी पुस्तक काढून पाहिलं, डॉलीला तपासलं, मग मला सांगितलं, घाबरण्यासारखं नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही, उद्यापर्यंत मुलगी उठून बसेल. तशी ती बसलीसुद्धा. उठल्या उठल्या तिने पोळी मागितली.

मी वळून पाहिलं तर काकू गेलेल्या होत्या.

मिनूला घरी आणल्यावर मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले. शब्द जुळवून गेले होते. काकूंनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "कशी आहे तुमची मुलगी? चहा घेता का तुम्ही?"

त्या एका 'तुम्ही'ने माझे सगळे जुळवलेले शब्द विस्कटले. अख्ख्या टाऊनशिपमध्ये एकटी मी आता 'तुम्ही' होते. चहा छान होता. मी काहीतरी पुटपुटले, त्या "होऊन जातं असं" म्हणाल्या, आणि मी घरी येऊन रडले.

त्यानंतर त्या वर्षी त्यांनी कुणालाच बरणी दिली नाही. डॉक्टरांचा निरोप नंतर मागे घेतला गेला, लोकांना खरं काय ते कळलं, काही जणी स्वतःहून रिकाम्या बरण्या घेऊन गेल्या. काकू म्हणायच्या, "या साली नाही." माझ्याबद्दल चकार शब्द नाही.

त्यांचं लक्ष त्या कुंपणाकडे लागलं होतं. शाळेच्या हेडमास्तरणीला भेटल्या. तिने बगीचा खात्याकडे पाठवलं. बगीचा खात्याने अर्ज आणायला सांगितला. यजमानांकडून अर्ज लिहून घेतला, तो टाऊन ऑफिसला गेला. काकू रोज सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला बूट घालून तिथे जाऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "कब काटोगे?" साहेब म्हणायचे, प्रक्रिया चालू आहे. असं तीन आठवडे चाललं. कुंपणावर नवीन फळं धरली होती, ती पिकून पिवळी व्हायला लागली.

चौथ्या रविवारी सकाळी काकू कोयता घेऊन निघाल्या. मागून यजमान, एक दोर घेऊन. दोघांनी मिळून दुपारपर्यंत शाळेमागचं सगळं कुंपण आडवं केलं. काकू तोडत होत्या, यजमान फांद्या ओढून ढीग करत होते. सिक्युरिटीचा माणूस आला, ओरडला. काकू म्हणाल्या, "शिटी नंतर वाजव, आधी ती फांदी धर." त्याने धरली.

सोमवारी यजमानांना मेमो मिळाला. टाऊनशिपच्या मालमत्तेची नासधूस, सात दिवसांत खुलासा द्या, क्वार्टर रद्द का करू नये ते सांगा. यजमानांनी खुलासा एका ओळीचा दिला, 'बाड़ पत्नी ने काटी. मैंने मदद की.' नोकरीची सहा-सात वर्षं शिल्लक, उज्जैनचं घर भावांत गेलेलं. क्वार्टर गेलं असतं तर ती दोघं कुठे जाणार होती, देव जाणे.

नवरा मला म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस. उगाच ऑफिसात नाव खराब होतं." तो वाईट माणूस नव्हता, सावध होता. मी त्याला म्हटलं, "नाव माझ्यामुळे त्यांचं खराब झालंय, सगळ्या हॉस्पिटलासमोर." आणि मिनूचा हॉस्पिटलचा कागद घेऊन, डॉलीच्या आईला बरोबर घेऊन टाऊन ऑफिसला गेले. काकू आणि यजमान आधीच आत बसले होते. मला पाहून काकूंनी मान वळवली.

"मैडम, आपका इसमें क्या काम?" साहेबांनी विचारलं.

मी उभीच राहिले. म्हटलं, "इसमें मेरी बेटी का काम है. उस दिन मैंने सबके सामने इन पर इल्ज़ाम लगाया था. वो झूठा था. ज़हर इनकी चटनी में नहीं, आपकी बाड़ में था. आप इस मेमो को आगे बढ़ाएँगे तो मैं ये कागज़ लेकर ऊपर तक जाऊँगी, और वहाँ भी यही कहूँगी कि मैं झूठी थी."

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी कागद वाचला, दोनदा वाचला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "ठीक है, पर बाड़ तो कंपनी की थी. अब वहाँ जानवर घुसेंगे. नई बाड़ कौन लगाएगा?"

"मैं लगाऊँगी," काकू म्हणाल्या. "करौंदे की. काँटा भी मिलेगा, फल भी."

साहेबांना हसू आवरलं नाही, आणि तिथेच प्रकरण संपलं. मेमो मागे घेतला नाही त्यांनी, तसं ऑफिसात कुणी करत नसतं. पण त्यावर 'आगे कार्यवाही नहीं' असं लिहिलं आणि फाइल बांधून टाकली. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी खरंच करवंदीची रोपं लागली.

ऑफिसातून बाहेर पडल्यावर यजमान सायकल आणायला गेले. काकू माझ्या शेजारून चालत होत्या. मग म्हणाल्या, "ऊपर तक म्हणजे कुठपर्यंत जाणार होती तू?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मला पण वाटलंच, तुला माहीत नसणार." आणि थोडं पुढे गेल्यावर, "उद्या सकाळी ये. तिकडे जंगली बोरं धरलीयेत, झाडांखाली सडा पडलाय. पोरीला पण आण. खायचं काय नि नाही काय, दाखवून देते दोघींना. भीती वाटते तर ओळख करून घ्यायची."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला झाडांची ओळख करून दिली, आणि 'फोरमन', 'मॅनेजरीण' अशा सगळ्या जाळ्यांची पाळीपाळीने भेटही घडवली. एका जाळीपाशी थांबून मिनूला म्हणाल्या, "ही पुणेकरीण. फळ एक नंबर. पण हात लावला की टोचते." मी हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं आमचं जाणं-येणं राहिलं. चटणी मी शिकले, पण त्यांच्यासारखी झाली असं मी कधी म्हणणार नाही, आणि त्यांनीही कधी म्हटलं नाही. यजमान निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, ती दोघं इंद्रपुरीत दोन खोल्यांत राहायला गेली. काकूंचे गुडघे गेले होते. माळरानही गेलं होतं, तिथे घरांचे पाये खणायला सुरुवात झाली होती. बाजारातून आणलेली करवंदं त्या घरी पाट्यावर वाटायला लावायच्या, यजमानांना. स्वतः पलंगावर बसून हुकूम सोडायच्या.

आयुष्यभर क्रेनच्या उंच केबिनमध्ये एकटे बसलेले यजमान निवृत्तीनंतर बोलके झाले होते. मिनू कॉलेजात होती तेव्हा तिला घेऊन मी एका दुपारी गेले. बोलता बोलता मिनूनेच विषय काढला, लहानपणी तिने काय खाल्लं होतं त्याचा. ती हसत होती.

"तुला तर सलाइन मिळालं," यजमान पाटा पुसत म्हणाले. "आम्हाला काय मिळालं, विचार हिला."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या.

"काय मिळालं?" मिनू म्हणाली.

"त्या दिवशी माझी पहिली पाळी. दोन वाजता घरी आलो तर ही चटणीच्या दोन वाट्या भरून बसलेली. त्याच खेपेची. म्हणाली, खा. मी म्हटलं, पोळी दे. म्हणाली, पोळी नाही, नुसती खा, अख्खी वाटी. पोरीला याने झालं असेल तर आपल्याला पण व्हायला पाहिजे."

मी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"खाल्ली. मग बसलो दोघं घड्याळाकडे बघत. तास झाला, दीड तास झाला. तोंड पार आंबून गेलं. दाराला कडी नाही लावू दिली हिने. म्हणाली, दोघं पण पडलो तर शेजारच्यांना आत यायला पाहिजे. काही नाही झालं तेव्हा उठली. म्हणाली, आपली नाही. आता दुसरीकडे शोधायचं."

मिनूचं हसणं थांबलं होतं. त्याच दीड तासात मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून काय काय बोलत होते ते मला माहीत होतं.

"तुम्हाला खात्री होती ना पण?" मी कसंबसं विचारलं.

"कुठली खात्री," काकू म्हणाल्या. "शेवटची खेप होती. घाईत केली होती. तू ओरडली तिथे, तर मला वाटलं, असेल पण. काय सांगावं." मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, "आणि यांचं ऐकू नका दोघी. वाटी संपल्यावर यांनी अजून मागितली होती."

"चांगली होती म्हणून मागितली," यजमान म्हणाले.

मी खुर्चीवरून उठले आणि पलंगाकडे गेले.

"काय गं?" काकू म्हणाल्या.

"काही नाही."

त्यांनी गुडघे हातांनी उचलून बाजूला घेतले, आणि मला बसायला जागा केली.